वाकडी चाल

हॉबर्ट साइझमोर यांच्या ओसरीवर डिलेनी आणि वेड चाल टिपून घ्यायला फोन पुढ्यात ठेवून बसले होते. म्हातारबुवांचं वय एक्क्याण्णव, बोटं आखडलेली. पण 'ओढ्यापलीकडची घोडी' ही नाचाची चाल आता या डोंगरात त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. दरीतून धुकं वर सरकत पायरीपर्यंत आलं होतं. त्यांनी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, छातीला टेकवलं, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. मध्येच एका जागी गज थांबला. दोन ठोके अगदी शांतता. मग काही झालंच नाही अशा थाटात चाल पुढे निघाली.

"ऐकलंस?" डिलेनी कुजबुजली. "वाकडी आहे रे."

जुन्या संगीताने झपाटलेल्या या मंडळींना मापात न बसणारी चाल मिळाली की गुप्तधन सापडल्यासारखं होतं. माणसाच्या वाकड्या चालीचं एवढं कौतुक कुणी करत नाही.

"आजोबा, आमच्या बँडच्या रेकॉर्डमध्ये घेऊ ही?" तिने विचारलं.

"शनिवारी नाचाला वाजवा. ऐकतो, मग सांगतो."

दोघांनी आठवडाभर ते दोन ठोके घोटले. डिलेनी फिडल खाली ठेवूनही मनातल्या मनात थांबत होती. वेड बँजो मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात निश्चल बसलेला पाहून त्याची बायको म्हणाली, "गप्प बसायचा रियाज आहे होय? मग आमच्या आईपुढे कर की."

शनिवारी अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर काढून नाचाला जागा केली. या हॉलमध्ये तीस वर्षांनी नाच होत होता. घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन लोक सुस्तावले होते, खिडकीतून कलतं ऊन येत होतं, आणि चाल अशी काही लागली की पाय आपोआप उचलले गेले. मग ती जागा आली. अर्धा हॉल एक पाय वर धरून थांबला, उरलेला थांबला नाही. पोस्टमन क्लाइड स्वतःची बायको सोडून पाद्रीबाईंना गरगरत घेऊन गेला, आणि दोघं ब्लॅकबेरीच्या केकवर जाऊन बसले.

हॉबर्टची मुलगी वर्नेल तरातरा पुढे आली. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमच्या बाबांनीच, मावशी. तिथे ते थांबतात."

"थांबतात कसले? डुलकी लागते त्यांना. प्रार्थनेत लागते, जेवताना लागते. आणि तुम्ही ती पाठ केलीत?"

हॉल खो खो हसला. डिलेनीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दोघांनी ते दोन ठोके गाळून चाल पुन्हा वाजवली. नाच सुरळीत झाला, टाळ्या पडल्या. डिलेनी आशेने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली, तर हॉबर्ट टोपी घालून निघायच्या बेतात.

"नको घेऊ रेकॉर्डमध्ये," ते म्हणाले.

"का, आजोबा? आता तर सरळ वाजली."

"ओपल राहिली ना मागे."

ओपल म्हणजे त्यांची बायको. जाऊन बारा वर्षं झाली होती.

"तिचा डावा पाय आखूड," हॉबर्ट सांगू लागले. "फेरी पुरी करायला तिला दोन ठोके जास्त लागायचे. मी गज धरून ठेवायचो, सगळा हॉल थांबायचा. ही चाल माझी नव्हेच, तिची आहे."

"मला कधी नाचाला न्यायचातच कुठे," वर्नेल पुटपुटली. "पण मग तिथे डोळे कशाला मिटता, बाबा?"

"उघडे ठेवले तर ती दिसत नाही."

डिलेनीचे डोळे भरून आले. "पुन्हा वाजवते. थांबून."

"थांबणार असाल तर घ्या रेकॉर्डमध्ये," म्हातारबुवा म्हणाले आणि टोपी काढून बसले.

तिसऱ्यांदा चाल सुरू झाली. ती जागा आली तसा सगळा हॉल एका पायावर थांबला, पोस्टमनसुद्धा. डिलेनी गज हवेत धरून हॉबर्टच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत होती. दोन ठोके झाले, चार झाले, सहा झाले. आणि खुर्चीतून बारीक घोरणं ऐकू आलं.

"ही मात्र डुलकीच हं," वर्नेल हळूच म्हणाली. पण डिलेनी गज टेकवायला गेली, तेव्हा वर्नेलनेच तिचा हात धरला. "थांब जरा. आई अजून पोचायचीय."