जागा लय हाय

कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेल्या एका म्हाताऱ्याने आमच्या कॉलनीच्या वळणावर शिट्टी मारून माझी मोटारसायकल अडवली. मागच्या सीटवर तळहात थापटला आणि दरडावून विचारलं, "ही जागा कोनाची हाय?"

"कोणाचीच नाही," मी म्हणालो.

"मंग रिकामी कशी काय न्यायलाव?"

मी क्लच सोडेपर्यंत माझ्यामागे एक शिंपी बसलासुद्धा. त्याच्या मांडीवर शिलाई मशीन होतं आणि त्या मशीनची मूठ थेट वाटेतलं बोरी गाव येईपर्यंत माझ्या बरगडीत रुतत होती. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि एक परका माणूस तिच्यावर परस्पर पॅसेंजर बसवतो, या धक्क्यातून बाहेर यायला मला शाळा गाठावी लागली. जिंतूरच्या एका शाळेत मी क्लार्क आहे आणि परभणीहून रोज अप-डाऊन करतो. कॉलनीत तेव्हा नवीनच राहायला आलो होतो.

ते विश्वनाथआप्पा. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी बॅग अजून असते. झोपताना तरी काढतात की नाही, देव जाणे.

राज्याच्या बातम्यांत परभणीचं नाव आलं की ते बहुधा पेट्रोलच्या सगळ्यात चढ्या भावापायीच येतं. भावाने शंभरी ओलांडली तेव्हा सगळेच हादरले. चारचाकीवाल्यांनी गाड्यांवर कव्हरं घातली. अप-डाऊनवाल्यांनी सरकारला शिव्या घातल्या आणि रोजच्यासारखी गाडी काढली. आप्पांना मात्र वेगळाच धक्का बसला होता. इतकं महागाचं पेट्रोल जाळत सकाळी कॉलनीतून पंधरा-वीस गाड्या निघतात आणि सगळ्यांच्या मागच्या सीटा रिकाम्या! ज्याने जन्मभर "सरका पुढं, जागा लय हाय" म्हणत उभ्या माणसांत माणसं बसवली, त्याला हे बघवेना. ते सकाळी सातला शिट्टी घेऊन वळणावर उभे राहू लागले.

आप्पांच्या लेखी माणसाला नाव नसतं, मार्ग असतो. मी जिंतूर. पाथरीच्या दवाखान्यात जाणारी नर्स म्हणजे पाथरी, तिच्या स्कूटीवर फक्त लेडीज. माझ्या बायकोला त्यांनी भररस्त्यात "ओ जिंतूरच्या बाई, भाजी काय केली?" असं विचारलं, त्याचा राग तिने दिवसभर माझ्यावर काढला.

एकदा तर त्यांनी कहरच केला. कदम आणि वाघमारे हे शेजारी सांडपाण्याच्या नालीवरून पाच वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कदम रोज चुडाव्याला जातात, वाघमारे त्याच रस्त्यावर पूर्णेला. आप्पांनी दोघांना एका गाडीवर बसवलं. आम्ही ओट्यांवर उभे राहून श्वास रोखला. आता मारामारी होणार!

"आप्पा, मी ह्याच्यामागं बसणार न्हाई," वाघमारे म्हणाले.

"मंग म्होरं बसा. गाडीला काय, कोनीबी चालवा."

संध्याकाळी दोघं हसत परत आले. जाता-येता दोघांनी मिळून आप्पांना शिव्या दिल्या होत्या आणि त्यात नाली कुठल्या कुठे राहून गेली होती.

मी एकदा मागच्या गल्लीतून सटकायचा प्रयत्न केला. गल्लीच्या तोंडाशी आप्पा उभे! सोबत कोंबडी घेतलेली एक झरीची म्हातारी. "का हो जिंतूर, मार्ग बदलून जायलाव व्हय?" म्हातारी बसली, कोंबडी बसली, आप्पांनी तोंडाने "टिंग टिंग" केलं आणि मी निमूट निघालो. गाडी सुटली की ते बॅगेत हात घालत आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा "कट्ट" वाजवत. जुनी सवय असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर आम्हाला ते हळूहळू आवडू लागलं होतं. पॅसेंजर पेट्रोलला हातभार लावायचे आणि रस्ताही बोलत बोलत सरायचा. आप्पा स्वतः मात्र कुणाच्याही मागे बसत नसत. बाजाराला चालत, दवाखान्याला चालत, गुडघे कुरकुरत असले तरी चालतच. "बसा की आप्पा," म्हटलं तर म्हणायचे, "पॅशिंजर उभा असताना कंडक्टरनं जागा धरायची? कुठं हाय असला नियम?"

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत महानंदाताई नावाच्या एक बाई मुलीचा दाखला घ्यायला आल्या. मी परभणीहून येतो हे कळल्यावर त्यांनी कॉलनी विचारली. सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"माझे आप्पा तिथंच असतेत! विश्वनाथआप्पा. वळखता का तुमी?"

मी खुर्चीतून उठलोच. आप्पांना मुलगी आहे? आणि ती जिंतुरात आहे?

"दोन वर्षं झाली, आले न्हाईत," महानंदाताई म्हणाल्या. "फोन केला की म्हणतेत, जिंतूरला यायला जागाच मिळना माय."

जागा मिळत नाही! रोज सकाळी माझ्यामागे ते स्वतःच्या हाताने एक माणूस जिंतूर रस्त्याला लावतात, त्यांना जागा मिळत नाही!

मग ताईंनी सगळं सांगितलं. आधी जावई दर महिन्याला गाडी घेऊन आप्पांना न्यायला जायचे. एकदा वाटेत पेट्रोल भरताना जावई सहज बोलून गेले, "एका मान्सापायी एवढी गाडी पळवायची म्हंजे लयच महाग पडायलंय." जावयाच्या मनात काही नव्हतं. त्या दिवशी ते कुणाशीही तेच बोलले असते. पण आप्पांना ते लागलं. तेव्हापासून जावई न्यायला येतो म्हणाले की आप्पा नको म्हणतात. एसटीने या म्हटलं तर म्हणतात, मी लोकाला जागा द्यायचो, आता कोनाची जागा अडवू?

"आमी दोघं गेलो होतो आनायला, तरी आले न्हाईत," ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आमची गौरी रोज इचारती, आबा कधी येनार म्हनून."

मला आप्पांचा राग आला, जावयाचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. दीड वर्ष मी त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या लेकीच्या गावाला जात होतो आणि एकदाही विचारलं नाही की तुमचं कोण कुठे असतं.

संध्याकाळी कदमांच्या ओट्यावर बैठक बसली. "महिन्याला एक पांढरी गाडी यायची खरी," कदम आठवून म्हणाले. वाघमारेंनी युक्ती काढली आणि कदमांना ती पटली, हाही एक धक्काच. झरी, बोरी, जिंतूर, या रस्त्यावरच्या सगळ्या नेहमीच्या पॅसेंजरांना निरोप गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन वळणावर आलो.

"जिंतूर! बोरी! झरी! चला, जागा लय हाय!" आप्पांनी शिट्टी मारली.

कुणी आलं नाही. आप्पांनी पुन्हा शिट्टी मारली. घड्याळ पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. शिंपी आला नाही, म्हातारी नाही, तिची कोंबडीही नाही. आप्पांचा चेहरा उतरत गेला. कदम-वाघमारे कंपाउंडमागून बघत होते.

"आज रिकामीच न्यावी लागंल आप्पा. उशीर व्हायलाय," असं म्हणून मी गाडी चालू केली आणि थोडी पुढे नेली.

"थांबा!" आप्पा ओरडले. धावत येऊन त्यांनी मागचा कॅरिअर घट्ट धरला. "रिकामी गाडी सोडायची? माझ्या स्टॉपवरून?"

"मग काय करू?"

ते सीटकडे बघत राहिले. मग खूप वेळाने, कुणाची तरी परवानगी मागावी तसे हळूच पाय टाकून बसले. "टिंग टिंग" ऐकायला मी थांबलो, पण तोंडातून आवाज आला नाही. माझ्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक झालं.

बोरी गाव मागे पडलं. मग कानाजवळ आवाज आला.

"जिंतूर, माझ्या वजनानं गाडी पेट्रोल जास्त खायली का?"

मला ब्रेक दाबावासा वाटला. डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं. "तुमचं वजन आहेच किती आप्पा," एवढंच म्हणालो.

ताईंच्या दारात गाडी थांबली तेव्हा सहा-सात वर्षांची मुलगी उंबऱ्यात उभी होती. आप्पांना पाहून ती पळत आली नाही. तिने दोन्ही हात आडवे करून दार अडवलं.

"तिकीट?"

हा त्यांचा जुना खेळ असणार. आप्पांनी बॅगेत हात घातला आणि रबर लावलेला एक जाड गठ्ठा काढला. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची कापलेली तिकिटं होती ती. प्रत्येकावर पेनाने 'परभणी ते जिंतूर' लिहिलेलं आणि प्रत्येकाला एक भोक. रोज सकाळी माझी गाडी सुटल्यावर येणारा तो "कट्ट" आवाज कसला, ते मला तेव्हा कळलं.

"एवढी?" गौरी डोळे विस्फारून म्हणाली.

"एवढ्या खेपा राहिल्या ना, माय," आप्पा म्हणाले.

महानंदाताई आतून धावत आल्या होत्या. आप्पा दारात अंग चोरून उभे होते. गौरीने वरचं तिकीट नीट वाचलं, फाडलं, अर्धं आबांना परत दिलं आणि त्यांचा हात धरून ओढला.

"सरका पुढं आबा. जागा लय हाय."

आप्पा आत सरकले.