मागे न बघण्याची अट

उत्कर्षाने बापाला नियम घालून दिले होते. क्लासच्या फाटकापासून वीस पावलं दूर थांबायचं. हॉर्न वाजवायचा नाही. मैत्रिणींसमोर 'पिल्लू' म्हणायचं नाही. आणि मागे वळून बघायचं नाही. ती बसली की मुकाट निघायचं.

"आज चुकलास ना बाबा, तर उद्यापासून मी बसने येणार," तिने सकाळीच बजावलं होतं.

श्रीधर दिवसभर ऑफिसात धास्तावलेला होता. सोळा वर्षांच्या लेकीची त्याला मिळणारी सोबत म्हणजे शनिवार पेठ ते बिबवेवाडी एवढा अर्धा तास, तोही पाठमोरा. तेवढाही गेला तर काय, या विचाराने तो सारखा घड्याळ बघत होता. वर्षभरात तिने त्याला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं.

साडेपाचला तो राखाडी स्कूटर घेऊन हजर झाला. वीस पावलं मोजली, शंका आली म्हणून पुन्हा मोजली. हेल्मेटची काच खाली ओढून त्याने समोरच्या दवाखान्याच्या पाटीवर नजर रोवली. क्लास सुटला. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल अशा चाळीसेक मुली बाहेर पडल्या. मागच्या सीटवर वजन आलं. श्रीधर निघाला.

त्याने एकही खड्डा सोडला नाही, म्हणजे चुकवायचा. रिक्षावाल्याने कट मारला तेव्हा हॉर्नवर गेलेला अंगठा मागे घेतला. मंडईजवळच्या सिग्नलला थांबल्यावर मात्र त्याचा जीव कासावीस झाला. मागून एक शब्द नाही. बरं म्हणायचं की वाईट?

तेवढ्यात आवाज आला, "आज एक भी हॉर्न नहीं! बेस्ट चलाया, अब्बा!"

'बेस्ट'ने श्रीधर सुखावला आणि 'अब्बा'ने गारठला. नियम मोडून त्याने मान वळवली.

"तू कोण?"

मुलीने गॉगल वर केला आणि किंचाळली, "अंकल, तुम्ही कोण?"

"उत्कर्षाचा बाबा! उत्कर्षा कुठेय?"

"मी मिसबा. पण मग माझे अब्बा कुठेत?"

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. श्रीधरने स्कूटर कशीबशी कडेला घेतली. मिसबाने लगेच अब्बांना फोन लावला. पलीकडून कोणी उचलेना.

"मीच सांगितलं होतं अब्बांना, मागे बघू नका म्हणून," ती रडवेली झाली.

तिसऱ्यांदा फोन लागला. पाच मिनिटांत तसलीच राखाडी स्कूटर आली. मागे उत्कर्षा, फणफणलेली.

"बाबा, तुला स्वतःची मुलगी ओळखता येत नाही?"

"तुला बाप कुठे ओळखता आला?" श्रीधर बोलून गेला आणि लगेच घाबरला. पण ती चक्क गॉगल पुसू लागली.

मिसबाच्या वडिलांनी, मुनव्वरभाईंनी, त्याला बाजूला घेतलं.

"साहेब, तुमचं एक माझ्याकडे आलंय."

"काय?"

"तुमची मुलगी सिग्नलला म्हणाली, 'बाबा, आज मस्त चालवलंस. रोज असाच ये.' मी वळेपर्यंत म्हणून झालं होतं. ते तुमचं आहे, माझं नाही."

"तुमचंही माझ्याकडे आहे," श्रीधर म्हणाला. "'बेस्ट चलाया, अब्बा.'"

"बाबा, चल ना! बोलत काय बसलायस?" तिकडून उत्कर्षा ओरडली.

मुनव्वरभाई जागचे हलले नाहीत. "माझी मिसबा म्हणाली असं?" त्यांनी हळूच विचारलं. "पुन्हा एकदा सांगा ना."