पंतांचे बेचाळीस भोपळे

आमच्या आळीतल्या आडात पोहरा सोडायचा तर आधी त्याच्या कडीला लांब सुतळी आणि सुतळीच्या टोकाला सुका भोपळा बांधावा लागतो. दोर तुटून पोहरा तळाला गेला तरी भोपळा वर तरंगतो, सुतळी ओढली की पोहरा परत हातात. हा हुकूम सरकारचा नाही, आमचे शेजारी विसाजीपंत यांचा आहे. आळीत पोहरे चौदा. चौदांनाही पंतांनी स्वतः भोपळे बांधून दिले. नको म्हणायला गेलं की अर्धा प्रहर समजूत घालतात, म्हणून कोणी नको म्हणत नाही.

“हरवलेली वस्तू रिकामी बसत नाही,” हे त्यांचं पालुपद. मी एकदा मोजलं. एका दिवसात एकोणीस वेळा.

मागे आमच्या घरातलं उलथणं हरवलं. पंत दारात हजर.

“वहिनी, ते आता कुठेतरी उद्योग करत असेल बरं.”

“करू दे,” आमची मंडळी म्हणाली, “इथे तरी कुठे धड करत होतं!”

तिसऱ्या दिवशी ते गाईच्या गवतात सापडलं, तिचं तोंड कापल्यावर. पंत बरोबर ठरतात, हाच त्यांचा खरा त्रास.

पंत एकटेच. तरुणपणी कोकणातल्या एका बंदरावर कारकून होते. आता परसातल्या मांडवावर भोपळ्याचे वेल चढवतात, फळं वाळवतात, आणि होळीच्या सुमारास मिठाचे बैल घेऊन येणाऱ्या रानूबरोबर कात्रजच्या वाटेने खाली समुद्रावर पाठवून देतात. तिथले कोळी ते आपल्या जाळ्यांना बांधतात.

“पंत, कोकणात भोपळे होत नाहीत?” आळीतलं कोणीतरी दरसाल विचारतं.

“होतात.”

“मग?”

“ते त्यांचे. हे माझे.”

एक गोष्ट मात्र मला खटकायची. वेल कधी तीस फळं देतो, कधी साठ. पण बैलांवर चढायचे ते दरसाल बेचाळीसच. कमी पडले तर पंत मांजरी गावच्या माळ्यांकडे पायी जाऊन आणत, उरले तर वाटून टाकत.

मी फडावर, म्हणजे सरकारी दफ्तरात, कारकून. कोळ्यांच्या जाळ्यांबद्दल पंतांनी सरकारात तीन अर्ज केले होते. प्रत्येक जाळ्याला भोपळा आणि धन्याची खूण असावी, हंगाम संपला की सगळ्या होड्यांनी मिळून तळाशी लोखंडी गळ फिरवून बुडालेली जाळी काढावीत, एवढंच मागणं. “विसाजीपंतांना मासळीची गोडी लागली वाटतं,” असं म्हणून आमच्या वरिष्ठांनी तिन्ही अर्ज बाजूला सारले. यंदा चौथा लिहून द्या म्हणून पंत माझ्या ओटीवर बसले.

“बुडालेलं जाळं मासे धरायचं थांबत नाही,” ते सांगू लागले. “अडकलेले मरतात, त्यांना खायला दुसरे येतात, तेही अडकतात. कासवंसुद्धा. काढणारा कोणी नाही, मोजणारा कोणी नाही.”

मोजणारा कोणी नाही, हे मला लागलं. मी म्हटलं, “पण ‘पुष्कळ जाळी’ असं अर्जात चालत नाही. आकडा सांगा.”

“बेचाळीस.”

“इतका नेमका?”

“मीच मोजले होते.” पंत जमिनीकडे पाहत होते. “आरमाराची गलबतं यायची होती. खाडीच्या तोंडाशी भोपळे तरंगत होते. वाटेत येतील, दिसायलाही बरं नाही, म्हणून मी छाटायला लावले. बेचाळीस भोपळे, कागदावर लिहून वर पाठवले. शाबासकी आली.”

“आणि जाळी?”

“खालीच. कुठलं कुठे, कोणाला कळेना. धाकू नाखवा आपलं जाळं शोधायला बुडी मारून गेला. मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. पाठीला भोपळा बांधून.”

“मग वर आला?” मी विचारलं.

“जाळं रिकामं बसलं नव्हतं,” पंत म्हणाले.

चौथा अर्ज मी आकड्यासकट लिहिला. दोनदा गठ्ठ्याच्या वर ठेवला. संध्याकाळी पाहावं तर तळाशी.

परवा रानू आला. धाकूच्या बायकोचा निरोप होता की यंदा भोपळ्यांमुळे दोन जाळी हाती लागली. बेचाळिसांत दोन. मला हे थोडं वाटलं. पंतांनी तेच रानूकडून तीनदा वदवून घेतलं.

मग भोपळे मोजले. एक्केचाळीस. एक उंदरांनी फोडला होता.

“चला पंत, बैल थांबत न्हाईत,” रानू म्हणाला. “एकानं काय हुतंय?”

पंत पायरीवर बसले. उठेनात. मी आडावर गेलो, आमच्या पोहऱ्याचा भोपळा सोडला आणि आणून पोत्यात टाकला. पंत उठले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

काल सकाळी आमचा दोर तुटला. पोहरा तळाला. मंडळीने गळ आणून माझ्यापुढे ठेवला. मी गळ घेऊन आडावर ओणवा झालो. पाठ भरून आली, तरी काही लागेना. शेजारी पंत येऊन उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, “हरवलेली वस्तू...”

“ठाऊक आहे, पंत,” मी म्हटलं. “दोराचं दुसरं टोक धरा.”