बायजाबाईला लपवताना

संगणक सुरू झाला आणि फायली दाखवणाऱ्या चौकटीत, डाव्या कडेला, पुन्हा ते नाव उमटलं: ‘बायजाबाई’.

कामोठ्याच्या निशांतने संगणक जुनाच घेतला होता आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलं होतं. आधीच्या मालकाने फायली साठवायच्या एका कप्प्याला, म्हणजे ड्राइव्हला, हे नाव दिलं असणार. पण ड्राइव्ह उघडला की आत काहीच नसे, आणि जागा मात्र जवळजवळ सगळी भरलेली.

“आत काय न्हाई, मग जागा कुनी अडवलीय?” त्याच्या बायकोने, ज्ञानेश्वरीने विचारलं.

निशांतने ड्राइव्ह पुन्हा उघडून दाखवला. तेव्हा ज्ञानेश्वरीने बजावलं, या घरात ती बायजाबाई तरी राहील नाहीतर मी, आणि कराडला माहेरी जायला बॅग भरली.

पुसून टाकायला निशांतचा हात धजेना. त्याच्याबरोबर द्रोणागिरीच्या गोदामात काम करणाऱ्या सैफने फोनवर तोडगा काढला. पुसायचं कशाला, लपवायचं. एका फाइलीत एक ओळ लिहायची, त्यात त्या ड्राइव्हचा लांबलचक नंबर टाकायचा, की तो चौकटीत दिसत नाही.

निशांतने नंबर चिकटवला, संगणक बंद करून चालू केला. बायजाबाई जागेवर होती. तिच्या वरचं ‘घर’ गायब झालं होतं. ‘घर’ हा त्यांचा स्वतःचा ड्राइव्ह, लग्नाच्या फोटोंसकट.

ज्ञानेश्वरीने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

घाईत शेजारचा नंबर उचलला गेला होता. त्याने तो बदलला. घर परत आलं, बायजाबाई नाहीशी झाली.

“बघ, गेली.”

“कुठं गेली?”

“जाईल कुठं? आहे तिथंच आहे. दिसत नाही फक्त.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. ज्ञानेश्वरीने पडद्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग कपाटावर, मग पलंगाखाली.

“आदी दिसत तरी होती वो. कुठं बसलीय ते कळत होतं.”

निशांतने ती ओळ काढली. नाव परतलं. ज्ञानेश्वरी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. बाईमाणूस घरात येऊन इतके दिवस झाले आणि आपण कुंकूही लावलं नाही, हे तिला आता खटकत होतं.

“सवाष्ण आहे का, ते तरी...” निशांत पुटपुटला.

“गप बसा. ऐकतीय ती.”

संगणकाच्या डब्याला हळदकुंकू लागलं. बॅगेतल्या साड्या कपाटात गेल्या.

सकाळी कामावर निघण्याआधी निशांतने सहज ड्राइव्ह उघडून पाहिला. आत काहीच नव्हतं. पण कालपेक्षा थोडी जागा मोकळी झाली होती.

बायजाबाई जरा सरकून बसली होती.