जावयबापूंची जिवाणी

माहेरी गेलेल्या बायकोला परत कसं आणावं, हे मला विचारा! सासूबाईंपुढे रडगाणं गायचं नाही. विद्वत्ता दाखवायची!

कांताला पाचवा महिना लागला, तेव्हा मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला 'चार दिवस' म्हणून निपाणीला नेलं. त्याला महिना उलटला. इकडे बेळगावात स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन मी वाळत चाललो होतो. शेवटी आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक काखोटीला मारला आणि सर्व्हिस मोटार पकडली. विज्ञानाचा मास्तर ना मी!

मामी पहाटे आणलेलं तळ्याचं पाणी गाळत होत्या. फडक्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, गाळलेल्या पाण्याने धुऊन पुन्हा त्याच तळ्यात सोडायची. आम्हा जैनांच्या घरात हे कधी चुकायचं नाही. मी त्यातला एक थेंब भिंगाखाली धरला.

"अगं बाई! ह्यो तर पळतोय!"

"तो गडी, मामी. आणि ही बाई. दोन्ही अंगाला अंड्यांच्या पिशव्या बघा."

"पोटुशी हाय व्हय गं माझी बाय!" मामी विरघळल्या.

इथेच गप्प बसायचं होतं! पण मास्तराची जीभ! "गंमत म्हणजे तळ्यात ही दोघं एका जागी राहत नाहीत. गडी वर, उजेडात हिंडतात. पोटुशी मात्र दिवसा खोल, अंधारात असते. रात्री तेवढी वर येते. दिवसा आली, तर पिशव्या बघून मासे गट्टम करतात."

मामींचा चेहरा पडला. "म्हंजे आमी रोज सकाळी ह्या पोरींस्नी माशांच्या तोंडात सोडत हुतो? न्हाय जावयबापू! पोटुश्या येगळ्या काढा, आनि खोल सोडून या. त्याबिगर कांताचं नाव काढू नगासा!"

वर त्यांनी हे शेजारच्या राजाबाईंना सांगितलं. झालं! घटकाभरात गल्लीतल्या सगळ्या बायका तांबे घेऊन सोप्यात हजर!

"मास्तर, आमच्याबी येगळ्या काढा!"

पेनात शाई भरायच्या नळीने मी एकेक पोटुशी उचलत होतो. मान मोडली, डोळे बटाट्यासारखे सुजले. पोटुश्यांची घागर तयार झाली, पण तळ्याच्या मध्यावर जायचं कसं? राजाबाईंनी गूळ कढवायची भली मोठी, पसरट काहील आणवली. मी आत बसलो आणि फळीने पाणी मारू लागलो. काहिलीला ना पुढा ना पाठ! ती जागच्या जागी गरगरायला लागली.

"मास्तर, म्होरं जावा की!" काठावरून बायका ओरडल्या.

"जातोय!" मी गोल फिरत म्हणालो.

कसाबसा मध्यावर पोचलो आणि घागर सोडायला उठलो.

"अवो, उठू नगासा!" काठावरून कांता किंचाळली.

पण मी उठलो होतो. काहील उलटली, मी पालथा, चष्मा गायब! आणि ज्या खोलीसाठी हा खटाटोप, ते पाणी माझ्या छातीएवढं! घागर मात्र थेट तळाशी पोचली.

"काम चोख केलासा!" मामी खूश होत्या.

मी निथळत विचारलं, "मग कांताची पेटी भरायची ना?"

"आता गं बया! तुमीच सांगिटलासा न्हवं? पोटुशीनं शांत जागी ऱ्हायाचं, गड्यानं वर हिंडायचं. एवढ्याशा जिवाला कळतंय, मग आमच्या पोरीला मोटारीत हादरत कशाला धाडू?"

मी आशेने कांताकडे पाहिलं. पदर तोंडाला लावून ती हसत होती. "व्हय की. विज्ञानच हाय ते!"

दुपारच्या मोटारीने मी परत निघालो. एकटाच! तर ड्रायव्हर म्हणतो, "आत जागा न्हाय मास्तर. टपावर चढा."

चढलो. गडी वर, उजेडात!