टी-शर्टवरचा टकलू

भिंगरावांसारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, असं भिंगरावांचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं मत त्यांनी कधी घेतलं नव्हतं. खिशातल्या भिंगावरून हे नाव गल्लीने ठेवलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग आरंभला आणि तेव्हापासून डोक्यावर केस नाही, हातात केस नाही, अशी अवस्था होती.

त्यांची बायको संगणकावर चित्रं काढून एका वेबसाइटवर टाकायची. कुणी चित्र पसंत केलं की कंपनी ते टी-शर्टवर छापून घरपोच करायची आणि हिला तिचा वाटा मिळायचा. पण तिच्या फुलांकडे, मांजरांकडे, होड्यांकडे वर्षभर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"लोकांना काय हवं ते हेरावं लागतं," भिंगराव तिला ऐकवत.

एका सकाळी पाव आणायला गेलेले भिंगराव पाव न घेताच धापा टाकत परतले. बायको संगणकापाशी होती, सासूबाई मटार सोलत होत्या.

"टोळी!" भिंगराव म्हणाले. "औषधवाल्याच्या अंगात तोच टी-शर्ट, व्यायामशाळेच्या मास्तरच्या अंगात तोच! मला बघून दोघंही हसले. मला आधीच संशय होता!"

"कसला टी-शर्ट?" बायकोने मान वर न करता विचारलं.

खांबाआडून काढलेला फोटो त्यांनी पुढे केला. मास्तरच्या छातीवर एक टकलू भिंगातून डोळा वटारून बघत होता. खाली लिहिलं होतं : 'मला आधीच संशय होता!'

"वाक्य माझं! म्हणजे घरात कुणीतरी चोरून ऐकतंय."

त्यांनी दारावरची घंटा उघडली. आत काही सापडलं नाही. घंटा मात्र कायमची गप्प झाली. मग त्यांची नजर सासूबाईंच्या कानातल्या यंत्राकडे गेली. सासूबाईंनी मटार सोलायचं थांबवलं, तशी ती निमूट परत आली.

"मग म्होरक्या हाच टकलू," भिंगरावांनी फोटोवर भिंग धरलं. "चेहराच सांगतोय. स्वतःला फार शहाणा समजतो. अक्कल बेताची. घरात याचं कुणी ऐकत नसणार."

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"आज पहिल्यांदा अचूक ओळखलंत, जावईबापू. रोज दाढी करताना बघता की याला."

भिंगरावांनी फोटो पाहिला. मग बेसिनवरचा आरसा पाहिला. मग पुन्हा फोटो.

"मला आधीच..." ते म्हणाले आणि थांबले.

"अहो, रागावू नका," बायको म्हणाली. "तुम्ही माझ्या मांजरांना नावं ठेवलीत, त्या रागात काढलं. गंमत म्हणून टाकलं, तर तेवढंच एक खपायला लागलं. नको असेल तर आत्ता काढून टाकते."

भिंगरावांचे कान तापले. अख्खी गल्ली आपल्याला छातीवर मिरवत हसत होती! पण बायको माउसवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. काहीतरी हातचं जाईल अशी भीती तिच्या चेहऱ्यावर त्यांनी कधी पाहिली नव्हती. जाण्यासारखं आजवर काही आलंच नव्हतं.

"काढायचं-बिढायचं काही नाही," ते खाकरून म्हणाले. "पण नाक एवढं मोठं?"

"चौकटीत मावेना, म्हणून लहान केलंय."

सासूबाईंच्या मांडीवरून मटार घरंगळले. बायकोनेही हसू लपवलं नाही. तिने संगणकावर नवं पान उघडलं.

"आता बाजूने काढते. हलू नका हं."

भिंगराव पोट आत ओढून बसले. नाकावर माशी येऊन बसली, तीसुद्धा त्यांनी उडवली नाही.