डब्यावरची इंग्रजी ओळ

पिंपरी कॅम्पातल्या चांदभाईंच्या भांड्यांच्या दुकानात लेझर मशीन आल्यापासून ते त्याच्याकडं नव्या जावयाकडं बघावं तसं बघत होते: मानानं, आणि जरा लांबून. जन्मभर त्यांनी मांडीवर पातेलं घेऊन हातानं नावं कोरली होती. मशीनचा हट्ट लेकीचा, अल्मासचा. ती पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकली होती आणि नावं प्रोग्रॅममधून थेट मशीनला देणार होती. पहिली मोठी ऑर्डर नीट गेली तर ठेवू, नाहीतर चाकणच्या डीलरकडं परत, असं अब्बांनी बजावलं होतं.

ती ऑर्डर मोशीच्या दत्तोबांनी दिली. भावकीतल्या लेकीबाळींचा मेळावा होता आणि प्रत्येक माहेरवाशिणीला नाव घातलेला स्टीलचा डबा द्यायचा होता. अल्मासनं नावं पडद्यावर तपासली, सगळं ठाकठीक होतं. ऐन वेळी दत्तोबांचा फोन आला की भावकीत यशोदाबाया बऱ्याच आहेत, तेव्हा कुणाची लेक आणि कुठं दिली तेही घाला. मग अल्मासनं प्रोग्रॅममध्ये प्रत्येकीचं नाव, वडील आणि सासर यांचं एकेक गाठोडं बांधलं, त्या गाठोड्यांना 'पाहुणी' म्हटलं आणि ती मशीनकडं धाडली. पुन्हा तपासणार तेवढ्यात मैत्रिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, आणि डबे मशीनखाली ठेवायचं काम अब्बांच्या गळ्यात पडलं.

प्रत्येक डब्यावर अशी ओळ उमटू लागली:

<__main__.Pahuni object at 0x7f3c2a90d5b0>

चांदभाईंना इंग्रजी येत नव्हतं. विचारावं असं मनात आलं. पण मशीनबद्दल त्यांनी आधीच इतकी कुरकुर केली होती की आता फोन केला तर पोरीला वाटणार, अब्बा पुन्हा खुसपट काढतायत. शिवाय ओळ कशी सुतात होती. शिकलेल्या लेकीचं काम म्हणून त्यांनी एकेक डबा मायेनं पुसला, खोक्यात भरला आणि दत्तोबांच्या टेम्पोत चढवला.

अल्मास परतली तेव्हा जादा कोरलेला एक डबा गल्ल्यावर होता. तो बघताच ती खोक्यांकडं धावली, पण ती कधीच गेली होती.

"काय लिहिलंय?" चांदभाईंनी हळूच विचारलं.

"काहीच नाही, अब्बा. कुणी नाव विचारलं तर काय सांगायचं, हे त्या पाहुणीला शिकवावं लागतं. मी विसरले. मग ती नुसतं म्हणते, मी एक पाहुणी आहे आणि कॉम्प्युटरमध्ये अमक्या जागी बसलेय."

चांदभाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे नाव विचारलं तर नुसता खोलीचा नंबर सांगणार. चल, स्कूटर काढ."

निघताना त्यांनी पिशवीत काहीतरी कोंबलं. काय ते विचारायचं भान अल्मासला नव्हतं. मशीन तर गेलंच, पण अब्बांची इतक्या वर्षांची अब्रूही आपण घालवली, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

मोशीच्या मांडवात डबे वाटून झाले होते. वाचता येणाऱ्यांनी ओळी ताडून पाहिल्या, तर सगळ्यांची सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा. म्हणजे हे सोडतीचे नंबर, असं कुणीतरी म्हणालं. पंगत उठेपर्यंत पहिलं बक्षीस फ्रिज आहे इथवर मजल गेली होती. गोजाबाई डबा उराशी धरून अगदी पुढं बसल्या होत्या, आणि दत्तोबा घामाघूम झाले होते.

"आगं पोरी," अल्मासला बघताच ते म्हणाले, "फ्रिज कुठनं आणू मी आता?"

अल्मासनं माइक हातात घेतला आणि चूक माझी आहे, हे नंबर सोडतीचे नाहीत, एवढंच कसंबसं सांगितलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात चांदभाईंनी मंडपवाल्याकडून वायर ओढून घेतली, सतरंजीवर बैठक मारली आणि पिशवीतून नावं कोरायचं आपलं जुनं विजेवरचं हातमशीन काढलं. "या एकेक," ते म्हणाले. "नाव सांगा, त्या ओळीखाली घालतो."

पहिला नंबर गोजाबाईंचा. अल्मासनं मोबाइलवर बघून त्यांचं पूर्ण नाव, वडील, सासर सगळं वाचून दाखवलं.

"त्ये नगं," गोजाबाई म्हणाल्या. "नुसतं गोजी घाला. माजा आण्णा गोजी म्हनायचा. सासरी कुनीच म्हनत न्हाई."

चांदभाईंनी 'गोजी' घातलं. गोजाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. मग रांगच लागली. यशोदाबाईंना 'यशी' हवं होतं, कुणाला 'चिमणी'. फ्रिजचं नाव कुणी काढलं नाही. अब्बांना डबे धरून देताना अल्मासला त्यांचा इतका अभिमान वाटला की मशीन परत गेलं तरी चालेल, असं तिनं ठरवून टाकलं.

घरी येऊन तिनं प्रोग्रॅम दुरुस्त केला. पाहुणी आता विचारलं की मुकाट्यानं आपलं नाव सांगू लागली. चांदभाईंनी चाकणच्या डीलरचा विषय काढला नाही, आणि तिनंही नाही.

पुढच्या आठवड्यात गोजाबाईंच्या सासरच्या बायका दुकानात आल्या. त्यांनाही डबे हवे होते, खाली हातानं माहेरचं नाव आणि वर ती इंग्रजी ओळ. प्रत्येकीचा नंबर निराळा असतो, तसला दुसऱ्या कुणाकडं नसतो, असं गोजाबाईंनी गावभर सांगितलं होतं. साध्या डब्याला कुणी हात लावेना.

चांदभाईंनी त्यांना चहा मागवला आणि लेकीजवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं,

"बेटा, तू ते दुरुस्त केलंस ना? जरा परत बिघडवता येईल का?"